स्वामी रामानंद तीर्थ : शाळेतले स्वामीजी

हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे सेनानी म्हणून स्वामी रामानंद तीर्थांचे नाव सर्वतोमुखी आहे. सत्याग्रह, कारावास आणि 17 सप्टेंबर 1948चा विजय यांच्या झगमगाटात त्यांचे शिक्षकपण मात्र काहीसे झाकोळून गेले. चरित्रकारही ती वर्षे दोन परिच्छेदांत उरकतात. वस्तुतः स्वामीजींच्या पुढील कार्याची मुळे तेथेच शोधावी लागतात.

व्यंकटेश भवानराव खेडगीकर हे त्यांचे पूर्वाश्रमीचे नाव. जन्म 3 ऑक्टोबर 1903, विजापूर जिल्ह्यातील सिंदगीचा. कानडी मुलखात जन्म आणि मराठीत शिक्षण, असा हा सीमाभागातील अनेक घरांना परिचित असलेला योग. सोलापुरात शिकत असताना 1920 साली लोकमान्यांचे निधन झाले आणि या किशोराने आजन्म ब्रह्मचर्य व देशसेवेचे व्रत घेतले. असहकारात सरकारी शिक्षण सोडून त्यांनी टिळक महाराष्ट्र विद्यापीठातून पदवी मिळविली. नंतर कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्याकडे काम करताना दुर्धर आजाराने शरीर खचले, आणि अशा अवस्थेत ते हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आले.

तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील हे खेडे बिदर-गुलबर्ग्याच्या सीमेपासून फारसे दूर नाही. व्यंकटराव देशमुख आणि अनंतराव कुलकर्णी यांनी 1921 साली तेथे शाळा काढली होती. निजामी राज्याच्या सोळा जिल्ह्यांपैकी पाच मराठी, तीन कानडी, आठ तेलुगू. पण वरच्या शिक्षणाचे माध्यम उर्दू, आणि खाजगी शाळांवर सरकारची करडी नजर. खेड्यातील शेतकऱ्याच्या मुलाला मातृभाषेतून चार बुके शिकावयाची, तर अशा एखाद्या शाळेखेरीज आसरा नव्हता. मुख्याध्यापक म्हणून स्वामीजी विद्यार्थ्यांच्या सहवासातच राहिले. याच काळात त्यांनी संन्यास घेतला. पण भगवी वस्त्रे अंगावर आली तरी खडू हातातून सुटला नाही. संन्याशाने मठाऐवजी वर्ग निवडावा, हे विशेषच म्हणावे लागेल.

1935च्या सुमारास बाबासाहेब परांजपे आदी सहकाऱ्यांसह ते अंबाजोगाईस, म्हणजे तेव्हाच्या मोमिनाबादेस, गेले आणि योगेश्वरी विद्यालयाला त्यांनी नवे रूप दिले. तेथून तयार झालेली तरुण मंडळी पुढे लढ्यात उतरली. 1938 साली मात्र स्वामीजींपुढे कठीण निवड उभी राहिली. स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहासाठी शाळा सोडावयाची, की ज्या मुलांना आपण घडविले त्यांच्यापाशी राहावयाचे? त्यांनी शाळा सोडली. शाळेचे नुकसान झालेच. ते नाकारण्यात अर्थ नाही. त्याच वर्षी वंदे मातरम् गायल्यावरून उस्मानिया विद्यापीठातून शेकडो विद्यार्थी काढले गेले, आणि नागपूर विद्यापीठाने त्यांना प्रवेश दिला नसता तर त्यांचे शिक्षणच खुंटले असते. ज्या राज्यात एका गीतापायी विद्यार्थ्याचे शिक्षण तुटते, तेथे केवळ शाळा चालवून भागणार नाही, हे त्यांच्या निर्णयामागचे तर्कशास्त्र यावरून उमगते.

स्वातंत्र्यानंतर ते पुन्हा शिक्षणाकडे वळले. 1950 साली नांदेड एज्युकेशन सोसायटी व पीपल्स कॉलेज यांची उभारणी झाली. डॉ. आंबेडकरांचे औरंगाबादेतील महाविद्यालयही त्याच सालचे. मराठवाड्यातील गरीब मुलांना उच्च शिक्षणाची दारे एकाच वर्षी अशी दोन ठिकाणी उघडली. 1952च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत गुलबर्ग्याच्या मतदारांनी स्वामीजींना लोकसभेत पाठविले, 1957 साली औरंगाबादकरांनी. भाषावार विभाजनाचा त्यांनी आग्रह धरला, आणि 1956 साली बिदर जिल्ह्याचेच तुकडे झाले : उदगीर, अहमदपूर, निलंगा मुंबई राज्यात गेले, भालकी-हुमनाबाद म्हैसुरात राहिले. सीमेवरच्या मराठी घरांना हा निर्णय सुखाचा झाला असे म्हणवत नाही.

22 जानेवारी 1972 रोजी हैदराबादेत त्यांचे निधन झाले. 1994 साली नांदेडला त्यांच्या नावाचे विद्यापीठ स्थापन झाले, आणि एके काळी बिदर जिल्ह्यात असलेल्या उदगीरचे विद्यार्थी त्या विद्यापीठाच्या पदव्या घेऊ लागले.