लक्ष्मणराव किर्लोस्कर : यंत्र उघडून पाहणारा शिक्षक



आपल्या वाशीम जिल्ह्यात विहिरीवरचं किंवा पैनगंगेच्या काठचं जुनं डिझेल इंजिन पुष्कळ मुलांनी पाहिलेलं असतं. त्यावरचं किर्लोस्कर हे नाव ती वाचतात, पण त्या नावामागचा माणूस त्यांना माहीत नसतो. हा माणूस आधी शिक्षक होता!

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकलेची आवड म्हणून ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. पण काही रंग त्यांना नीट ओळखू येत नाहीत, असं लक्षात आलं. चित्रकार होण्याची वाट बंद झाली. मग ते यांत्रिक रेखाचित्रं शिकले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. रिकाम्या वेळी तिथल्या कारखान्यात यंत्रं उघडायची, समजून घ्यायची, पुन्हा जोडायची, हा त्यांचा खरा अभ्यास. बढतीची वेळ आली तेव्हा ती एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला मिळाली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली.

बेळगावात भावाबरोबर त्यांचं सायकलचं दुकान होतं. विक्री, दुरुस्ती, सायकल शिकवणं, सगळं तिथे चाले. पुढे कडबा कापायचं यंत्र आणि लोखंडी नांगर आला. लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले सहा नांगर खपायला दोन वर्षं लागली! त्यातच बेळगावची जागा सोडावी लागली. औंधच्या राजांनी आधार दिला आणि १९१० साली कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. पुढे १९४६ मध्ये पुत्र शंतनुरावांच्या पुढाकाराने पुण्यात इंजिनांचा कारखाना सुरू झाला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले.

मुलांना हे चरित्र सांगताना जुन्या इंजिनाचं उदाहरण जरूर घ्या. इंजिन लवकर सुरू होत नाही, निळसर धूर सोडतं, ऑइल पितं, तेव्हा मिस्त्री सिलिंडरकडे पाहतो. पिस्टनच्या रिंगा घासून सिलिंडर वरच्या बाजूला जास्त झिजतो, त्याचा गोलपणा जातो. नुसत्या नव्या रिंगा टाकून भागत नाही. आधी माप घ्यायचं, मग लेथवाल्याकडे बोअर करून मोठ्या मापाचा पिस्टन बसवायचा. लायनर असेल तर तोच बदलायचा. होडीच्या मोटारीचा सिलिंडर झिजला तरी तपासायची रीत हीच.

म्हणजे काय, तर यंत्र उघडल्याशिवाय आणि मोजल्याशिवाय दुरुस्त होत नाही. लक्ष्मणराव हेच आयुष्यभर करत राहिले. मुलाने घरचं बंद घड्याळ उघडलं तर लगेच रागावू नका. उघडलेले भाग क्रमाने कागदावर मांडायला सांगा. जमलं तर वर्गाला गावातल्या एखाद्या मिस्त्रीकडे घेऊन जा. तोही एक शिक्षकच आहे.