खड्डे वाचणारा माणूस : यूजीन शूमेकर



फेब्रुवारी २०२५ मध्ये '२०२४ वायआर४' नावाचा एक लघुग्रह बातम्यांत आला होता, आठवते? डिसेंबर २०३२ मध्ये तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता काही दिवस शंभरात तीनपर्यंत चढली आणि नवी निरीक्षणे हाती आल्यावर जवळजवळ शून्यावर उतरली. त्या दिवसांत आपल्या वर्गात दुसरा विषयच नव्हता. हे दगड शोधतो कोण, आणि खरेच एखादा आला तर काय करायचे, असे तुम्ही विचारत होतात आणि उत्तर देताना आम्हा पालकांची तारांबळ उडत होती. तेव्हा या अंकात ज्यांनी या शोधाचा पाया घातला त्या यूजीन शूमेकर यांची ओळख करून देत आहोत.

त्यांचा जन्म २८ एप्रिल १९२८ रोजी लॉस एंजेलिस येथे झाला. लहानपणी बफेलो शहरातल्या विज्ञान संग्रहालयाच्या वर्गांना जाता जाता दगड गोळा करण्याचा नाद लागला, तो कायमचाच. कॅलटेकची पदवी त्यांनी एकोणिसाव्या वर्षी मिळवली. १९४८ साली ते अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्यात लागले. काम होते युरेनियम शोधण्याचे. पण त्याच वर्षी त्यांच्या मनाने घेतले की आपल्या हयातीत माणूस चंद्रावर जाणार आणि तिथे जाणाऱ्यांत एक भूगर्भशास्त्रज्ञ असायला हवा, म्हणजे अर्थातच आपण! लोक हसतील म्हणून हे वेड त्यांनी बरीच वर्षे मनातच ठेवले.

चंद्रावर सगळीकडे खड्डे. ते कसे झाले हे कळायचे तर आधी पृथ्वीवरचे खड्डे पाहायला हवेत. अॅरिझोनात विन्स्लो गावाजवळ वाळवंटात सुमारे १.२ किलोमीटर रुंद आणि १७० मीटर खोल खड्डा आहे. गिल्बर्ट नावाच्या मोठ्या भूगर्भशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो ज्वालामुखीच्या वाफेच्या स्फोटाने झाला असे ठरवून टाकले होते. उलट डॅनियल बॅरिंजर यांना खात्री होती की तो आकाशातून पडलेल्या लोखंडी अशनीचा आहे. ते लोखंड खाली पुरलेले असणार म्हणून १९०३ पासून त्यांनी खोदकामात आयुष्य आणि पैसा दोन्ही घातले. लोखंडाचा साठा काही मिळाला नाही. १९२९ साली ते गेले. बिचाऱ्यांचे अनुमान बरोबर होते, फक्त अशनी आदळताच बहुतेक वितळून आणि वाफ होऊन उडून गेला होता.

शूमेकर यांनी हा खड्डा पायी फिरून थर न् थर मोजला. काठावर त्यांना गंमतच दिसली. खडकांचे थर उलटे होते, सर्वांत खालचा थर वर आणि वरचा खाली, जणू पुस्तकाचे पान उलटावे तसे. नेवाडात जमिनीखाली केलेल्या अणुस्फोटांच्या खड्ड्यांचे काठही त्यांनी पाहिले होते. तिथेही हेच. मग १९६० साली एडवर्ड चाओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांबरोबर अॅरिझोनाच्या या दगडांत कोएसाइट सापडले. वाळूचेच हे एक दाट रूप. ते प्रयोगशाळेत प्रचंड दाब देऊन प्रथम १९५३ साली बनवले गेले होते. ज्वालामुखीच्या स्फोटात एवढा दाब येत नाही. वाद मिटला. मग जर्मनीतल्या रीस खोऱ्यातही कोएसाइट मिळाले. चोवीस किलोमीटर रुंदीच्या त्या खड्ड्यात नोर्डलिंगेन हे अख्खे गाव वसले आहे, आणि तिथले चर्च आघातातूनच तयार झालेल्या दगडाने बांधलेले आहे. गावकऱ्यांना शेकडो वर्षे पत्ता नव्हता.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यातले लोणार सरोवर तुमच्यापैकी काहींनी आजी-आजोबांबरोबर पाहिले असेल. लवणासुराची गोष्टही ऐकली असेल. तेही असेच सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचे आघाती विवर. ते बेसॉल्टमध्ये, म्हणजे चंद्रावर आहे तशा काळ्या खडकात झालेले असल्याने शास्त्रज्ञांना त्याचे फार अप्रूप. आम्ही लहानपणी सहलीला गेलो होतो तेव्हा आम्हाला फक्त डबा कुठे खायचा याची काळजी होती!

शूमेकर यांनी १९६१ साली आपल्या खात्यात ग्रहांच्या भूगर्भशास्त्राची शाखा सुरू केली. पण १९६३ साली त्यांना अॅडिसनचा आजार असल्याचे निदान झाले आणि अंतराळवीर होण्याचे दार बंद झाले. पंधरा वर्षे जपलेले स्वप्न गेले. दुसरा कोणी खट्टू होऊन बसला असता. त्यांनी अपोलोच्या वीरांना अॅरिझोनाच्या त्याच खड्ड्यात नेऊन दगड कसे पाहावे हे शिकवले.

एवढे खड्डे आहेत तर खड्डे पाडणारे दगड अजून किती फिरत असतील? हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. १९७३ पासून एलिनॉर हेलिन यांच्यासोबत त्यांनी कॅलिफोर्नियातील पालोमार येथील ४६ सेंटिमीटरच्या छोट्या दुर्बिणीने शोध सुरू केला. पुढे त्यांच्या पत्नी कॅरोलिनही त्यात आल्या. तीन मुलांना वाढवून झाल्यावर पन्नाशीत त्या खगोलशास्त्र शिकल्या आणि त्यांनी ३२ धूमकेतू शोधले! (आपल्या वर्गातल्या आयांनी नोंद घ्यावी.) आकाशाच्या एकाच भागाचे काही वेळाच्या अंतराने घेतलेले दोन फोटो त्या दोन डोळ्यांच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवत. तारे सपाट दिसत, पण जागा बदललेला लघुग्रह ताऱ्यांच्या वर तरंगल्यासारखा दिसे.

१९८१ साली नासाने या धोक्यावर कोलोरॅडोत बैठक भरवली, तिचे अध्यक्ष शूमेकरच होते. वेळेवर कळले तर बचाव शक्य आहे, हे साधा गुणाकार करूनही पटते. दगडाचा वेग सेकंदाला फक्त २ सेंटिमीटरने बदला, तर दहा वर्षांत तो सुमारे ६,३०० किलोमीटर सरकतो. पृथ्वीची त्रिज्या जवळजवळ तेवढीच आहे. पण दहा दिवस आधी कळले तर हाच धक्का त्याला १७ किलोमीटरच सरकवतो. म्हणून तयारीची पहिली पायरी म्हणजे यादी. आम्हा संगणकवाल्यांना हे पटकन कळते, कारण न सापडलेली चूक दुरुस्त करता येत नाही.

तरीही बरेच लोक हे गंभीरपणे घेत नव्हते. मार्च १९९३ मध्ये पालोमारला ढगाळ रात्र होती आणि फिल्मचा डबा कोणीतरी उघडल्याने काही फिल्म खराब झाली होती. चांगली वाया घालवायला नको म्हणून त्या दोघांनी आणि डेव्हिड लेव्ही यांनी खराब फिल्मच वापरली. तिच्यावर कॅरोलिन यांना चपटा झाल्यासारखा धूमकेतू दिसला. गुरूच्या फार जवळून गेल्याने त्याचे वीसहून जास्त तुकडे झाले होते. १६ ते २२ जुलै १९९४ या काळात ते एकामागून एक गुरूवर आदळले. पृथ्वीएवढाले काळे डाग घरगुती दुर्बिणीतूनही दिसले. असे काही होत नाही म्हणणाऱ्यांची तोंडे बंद झाली. शोधमोहीम कशी असावी यासाठी नासाने समिती नेमली आणि शूमेकर यांच्या अध्यक्षतेखाली तिचा अहवाल १९९५ साली आला. आज एक किलोमीटरहून मोठ्या, पृथ्वीजवळ येणाऱ्या लघुग्रहांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक सापडलेले आहेत. १४० मीटरच्या आसपासचे मात्र निम्म्याहून कमी सापडले आहेत. २६ सप्टेंबर २०२२ रोजी नासाचे डार्ट यान डिमॉर्फोस या छोट्या लघुग्रहावर मुद्दाम आदळवले. त्याची मोठ्या सोबत्याभोवतीची फेरी सुमारे अर्ध्या तासाने कमी झाली.

आणि तुम्ही काय करायचे? १५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियात चेल्याबिन्स्क येथे सुमारे २० मीटरचा दगड हवेत फुटला. उजेड पाहून लोक खिडक्यांशी धावले. मिनिट-दोन मिनिटांनी हवेचा धक्का आला, काचा फुटल्या आणि हजारावर माणसे जखमी झाली. तेव्हा आकाशात सूर्यासारखा लखलखाट दिसला तर खिडकीपासून दूर जाऊन टेबलाखाली बसा. फोटो नंतर.

शूमेकर पती-पत्नी अनेक वर्षे ऑस्ट्रेलियातले जुने खड्डे शोधायला जात. १८ जुलै १९९७ रोजी तिथल्या एका कच्च्या रस्त्यावर समोरून आलेल्या गाडीशी त्यांची टक्कर झाली. यूजीन जागीच गेले, कॅरोलिन वाचल्या. जानेवारी १९९८ मध्ये निघालेल्या लुनार प्रॉस्पेक्टर यानात त्यांच्या अस्थींची चिमूटभर राख एका कुपीत ठेवली होती. ३१ जुलै १९९९ रोजी काम संपल्यावर ते यान चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ पाडण्यात आले. तिथे एक छोटासा खड्डा नक्कीच पडला असणार.