मानरेसाचे दहा महिने



३१ जुलै हा संत इग्नेशियस लोयोला ह्यांचा सण. येशूसंघाचे संस्थापक म्हणून आपण त्यांना ओळखतो. १९२२ साली पोप पायस अकरावे ह्यांनी त्यांना तपसाधनांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले. मात्र इग्नेशियस ह्यांची स्वतःची पहिली तपसाधना कशी झाली, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. त्या तपसाधनेत त्यांचा जीव जाता जाता वाचला.

१४९१ साली स्पेनच्या बास्क प्रांतात, लोयोला येथील एका सरदार घराण्यात त्यांचा जन्म झाला. मूळ नाव इनिगो. तारुण्यात त्यांना ओढ होती ती तलवारीची आणि मानमरातबाची. २० मे १५२१ रोजी पाम्प्लोना येथे फ्रेंचांशी लढताना तोफेच्या गोळ्याने त्यांचा उजवा पाय मोडला. हाड नीट जुळले नाही, पुढे आले. तंग बुटांत पाय बेढब दिसेल म्हणून, भुलीचे औषध नसलेल्या त्या काळात त्यांनी ते हाड कापून घेतले! दिसण्याची एवढी हौस असलेला हा माणूस.

अंथरुणावर वाचायला त्यांना शौर्यकथा हव्या होत्या. घरात होते ते ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रे. वाचता वाचता त्यांना एक गोष्ट जाणवली. दरबारी पराक्रमाची स्वप्ने रंगवताना गोड वाटे, पण नंतर मन कोरडे पडे. संतांप्रमाणे जगण्याचा विचार मात्र मागे आनंद ठेवून जाई. विचार कुठून आला आणि कुठे घेऊन जातो, हे तपासायला ते इथे शिकले.

मार्च १५२२ मध्ये ते मोन्सेरातच्या मठात गेले. जन्मभराची पापे लिहून काढून तीन दिवस त्यांनी पापनिवेदन केले. २४ मार्चच्या रात्री पवित्र मरियेच्या वेदीसमोर जागरण केले, तलवार आणि खंजीर तेथेच ठेवले, उंची वस्त्रे एका भिकाऱ्याला दिली आणि गोणपाटाचा झगा चढवला. जवळच्या मानरेसा गावी थोडे दिवस थांबून पुढे जायचे, असा बेत होता. ते सुमारे दहा महिने राहिले.

पहिले काही महिने मन शांत होते. ते भीक मागून खात, रोज सात तास गुडघ्यांवर प्रार्थना करीत. पूर्वी केसांची फार निगा राखत, म्हणून आता केस आणि नखे मुद्दाम वाढू दिली. मग अंधार आला. आपण एखादे पाप सांगायचे विसरलो तर नाही ना, ही शंका त्यांना पोखरू लागली. ते पुन्हा पुन्हा पापनिवेदन करीत, पण समाधान नाही. जे अगदी स्पष्ट आठवते तेवढेच सांगावे, असे धर्मगुरूंनी सुचविले. त्यांना तर सगळेच स्पष्ट आठवत होते! ह्या यातनेत आपले जीवन संपवावे असा मोह त्यांना वारंवार होऊ लागला. तेव्हा ते देवाला हाक मारीत की, तुला दुखवणारे काही मी करणार नाही. एक आठवडा त्यांनी अन्नपाणी वर्ज्य केले. धर्मगुरूंनी उपवास सोडण्याची आज्ञा केली आणि त्यांनी ती मानली.

दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी जुनी पापे एकामागून एक पुन्हा डोळ्यांपुढे उभी राहिली. पण आता आजारपणातला तो धडा कामी आला. ह्या विचारांची साखळी आपल्याला कुठे नेते आहे? क्षमेकडे नाही, नव्या जीवनाचा वीट येण्याकडे. म्हणजे ती देवाकडून नाही. क्षमा झालेली पापे पुन्हा सांगायची नाहीत, असे त्यांनी ठरवले आणि ते मोकळे झाले.

पुढे कार्दोनेर नदीकाठी बसले असताना त्यांना असा प्रकाश लाभला की सारे काही नवे दिसू लागले. शाळामास्तर मुलाला शिकवतो तसे देव त्या दिवसांत आपल्याला शिकवीत होता, असे त्यांनी म्हातारपणी सांगितले. लोकांना आध्यात्मिक मदत करू लागल्यावर त्यांनी केस आणि नखे कापली, अतिरेक सोडला. मानरेसात सुरू झालेल्या टिपणांतूनच त्यांचे आध्यात्मिक साधनेचे पुस्तक तयार झाले. १५४८ साली पोप पॉल तिसरे ह्यांनी त्याला मान्यता दिली. तीच साधना पॅरिसमध्ये त्यांच्या मार्गदर्शनाखाली करून संत फ्रान्सिस झेवियर १५४२ साली गोव्यात उतरले. म्हणजे मानरेसाच्या त्या अंधाराचे फळ आपल्या दारापर्यंत आले आहे.

भाविकांनो, कर्ज, आजारपण, जोडीदाराचा मृत्यू, मुलाचे अपयश, घरातले दारूचे व्यसन ह्यांनी खचलेली माणसे आपल्या धर्मग्रामातही आहेत. त्यांच्यासाठी संत इग्नेशियस तीन गोष्टी ठेवून गेले. पहिली, मन अंधारात असताना मोठा निर्णय घेऊ नये. शांत मनाने जे ठरवले होते त्याला धरून राहावे. दुसरी, मनातला काळा विचार लपवला की बळावतो, जाणत्या माणसाला सांगितला की त्याचा जोर ओसरतो. तिसरी, अंधार कायमचा नसतो, धीर धरावा.

म्हणून जीव नकोसा वाटत असेल तर एकटे राहू नका. घरात सांगा, आम्हा धर्मगुरूंकडे या, वेळ पाहू नका. डॉक्टरांकडेही जा, औषध घेतल्याने श्रद्धा कमी होत नाही. इग्नेशियस ह्यांनीही धर्मगुरूंचे ऐकून आठवड्याचा उपवास सोडला, तिथूनच त्यांची वाट फिरली. आणि शेजारी कोणी गप्प गप्प झालेले दिसले, तर आपण त्यांच्या दारी जाऊ या.

संत इग्नेशियस, आम्हांसाठी विनंती कर.