दूरध्वनीच्या गर्दीचे गणितज्ञ

इंटरनेटवरून बोलताना आवाज तुटला की दोष नशिबाला दिला जातो. परंतु सेवेचा दर्जा आधीच मोजता येतो, हे दाखवून देणारे आग्नर क्रारुप एर्लांग संगणकांची जाळी अस्तित्वात येण्यापूर्वीच निवर्तले होते.

डेन्मार्कमधील जटलंड प्रांतातल्या लोनबोर्ग या खेड्यात १ जानेवारी १८७८ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील गावच्या शाळेत शिक्षक होते. वयाच्या अवघ्या चौदाव्या वर्षी, विशेष परवानगी घेऊन, एर्लांग कोपनहेगन विद्यापीठाची प्राथमिक परीक्षा उत्तीर्ण झाले. १९०१ मध्ये गणितातील पदव्युत्तर पदवी मिळवल्यानंतर काही वर्षे त्यांनी अध्यापन केले. डॅनिश गणितज्ञांच्या संघटनेत कोपनहेगन टेलिफोन कंपनीचे मुख्य अभियंता योहान येन्सन यांच्याशी त्यांचा परिचय झाला आणि १९०८ मध्ये ते त्या कंपनीत रुजू झाले.

कंपनीपुढे पेच होता. तारा कमी टाकल्या तर ग्राहकाला जोडणी मिळत नसे. जास्त टाकल्या तर पैसा वाया जाई. कोण केव्हा दूरध्वनी करील, हे तर कोणालाच सांगता येत नव्हते. मात्र एकमेकांशी संबंध नसलेल्या असंख्य ग्राहकांचे कॉल एकत्रितपणे प्वासाँच्या संभाव्यता नियमानुसार येतात, हे एर्लांग यांनी १९०९ च्या निबंधात सिद्ध केले. सर्व मार्ग व्यस्त असताना किती कॉल परत फिरतील आणि ग्राहकाला थांबवून ठेवल्यास त्याला किती वाट पाहावी लागेल, याची सूत्रे त्यांनी १९१७ मध्ये मांडली.

या सूत्रांचे मोल एका उदाहरणावरून कळते. एका वेळी सरासरी ५ संभाषणांइतका भार असेल आणि शंभरातील एकाहून अधिक कॉल परत फिरू द्यायचा नसेल, तर ११ मार्ग लागतात. भार दुप्पट, म्हणजे १० झाला, तर २२ नव्हे, १८ मार्ग पुरतात. एकत्र वाहतुकीतील ही बचत पुढे दूरध्वनी केंद्रांच्या आखणीचा पाया ठरली.

एर्लांग केवळ कागदावर गणिते मांडत बसले नाहीत. मोजमापे घेण्यासाठी ते कोपनहेगनच्या रस्त्यांखालील तारांच्या भुयारी खड्ड्यांतही उतरत. ते अविवाहित राहिले. गरजूंना सढळ हाताने मदत करीत. ३ फेब्रुवारी १९२९ रोजी वयाच्या ५१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. १९४६ मध्ये दूरध्वनी वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय एककाला ‘एर्लांग’ हे नाव देण्यात आले.

आज संभाषण डेटाच्या लहान पुडक्यांतून जाते आणि पुडकी वाटेतील प्रत्येक राउटरपाशी रांगेत उभी राहतात. ईमेलला क्षणभराचा उशीर चालतो, आवाजाला नाही. आवाज एका टोकाहून दुसऱ्या टोकाला १५० मिलिसेकंदांच्या आत पोहोचावा, असा आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचा दंडक आहे. म्हणूनच आवाजाच्या पुडक्यांना रांगेत अग्रक्रम दिला जातो. डेटाची वाहतूक दूरध्वनीच्या कॉलपेक्षा अधिक लहरी असते, असे १९९० च्या दशकातील मोजणीत आढळले. त्यामुळे एर्लांग यांची सूत्रे तेथे जशीच्या तशी लागू पडत नाहीत. परंतु ग्राहकाला किती थांबवायचे आणि त्यासाठी किती मार्ग राखायचे, हा त्यांचा प्रश्न मात्र आजही प्रत्येक जाळ्याच्या आखणीत प्रथम विचारावा लागतो.