डॉ. वसंत खानोलकर: त्वचेच्या कॅन्सरचं कारण धोतराच्या गाठीत शोधणारा डॉक्टर

त्वचेच्या कॅन्सरचं ऑपरेशन करताना सर्जनपुढे मोठा प्रश्न असतो, तो म्हणजे नेमकं कुठपर्यंत कापायचं? कमी कापलं तर कॅन्सरच्या पेशी मागे राहतात. जास्त कापलं तर चांगली त्वचा जाते, आणि जागा नाकावरची किंवा पापणीवरची असेल तर एकेक मिलिमीटर महत्त्वाचा. आज ही कड शोधायला भारी इमेजिंग टेक्नॉलॉजी आली आहे. पण इमेज दिसणं वेगळं आणि ती समजणं वेगळं. हा फरक कळण्यासाठी आज एका मराठी डॉक्टरची ओळख करून घेऊया.

कोण होते डॉ. खानोलकर?

वसंत रामजी खानोलकर यांचा जन्म 1895 चा. त्यांनी वैद्यकीय शिक्षण लंडनमध्ये घेतलं आणि 1923 मध्ये तिथूनच पॅथॉलॉजीत एम.डी. केलं. पॅथॉलॉजी म्हणजे शरीरातला तुकडा मायक्रोस्कोपखाली बघून आजार ओळखण्याचं शास्त्र. भारतात परत आल्यावर त्यांनी मुंबईत मेडिकल कॉलेजात शिकवलं. 1941 मध्ये परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं, तेव्हा तिथल्या लॅबची जबाबदारी त्यांच्याकडे आली.

1952 मध्ये त्यांच्या पुढाकाराने इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर उभं राहिलं. आज खारघरला जे अ‍ॅक्ट्रेक आहे, त्याची मुळं तिथे आहेत. पुढे ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले, त्यांना पद्मभूषण मिळालं. 1978 मध्ये त्यांचं निधन झालं. भारतीय पॅथॉलॉजीचे जनक म्हणून त्यांना ओळखतात.

धोतर आणि कॅन्सर?

1945 मध्ये खानोलकर आणि त्यांच्या सहकारी डॉ. सूर्याबाई यांनी एक शोधनिबंध छापला. लोकांच्या रोजच्या सवयींशी जोडलेले तीन प्रकारचे कॅन्सर त्यांनी त्यात मांडले. खैनी ठेवणाऱ्यांना खालच्या ओठाचा. चुट्टा उलटा, म्हणजे पेटतं टोक तोंडात धरून ओढणाऱ्यांना टाळूचा. आणि तिसरा कमरेवरच्या त्वचेचा, ज्याला 'धोती कॅन्सर' हे नाव पडलं.

होतं असं की धोतर रोज त्याच जागी घट्ट बांधलं जातं. वर्षानुवर्षं घासून तिथल्या कातडीचा रंग बदलतो, ती जाड होते. मग जखम होते, ती भरत नाही आणि काहींच्या बाबतीत त्याचा कॅन्सर होतो.

मला यातली विचार करायची पद्धत जबरदस्त वाटते. मायक्रोस्कोपखाली फक्त पेशी दिसतात, धोतर दिसत नाही. हा कॅन्सर नेमका कमरेवरच का, हे कळायला पेशंट काय नेसतो, कसा बांधतो हे विचारावं लागतं. आमच्या भाषेत सांगायचं तर त्यांनी इमेजला पेशंटच्या आयुष्याचा डेटा जोडला.

आजची टेक्नॉलॉजी कशी चालते?

मोह्स सर्जरी: अमेरिकेत फ्रेडरिक मोह्स यांनी 1930 च्या दशकात या पद्धतीची सुरुवात केली. सर्जन पातळ थर कापतो, कडांना रंग लावून दिशा नोंदवतो आणि तो थर गोठवून लगेच मायक्रोस्कोपखाली बघतो. जिथे कॅन्सर उरलेला दिसेल, फक्त तिथेच पुन्हा कापतो.

कॉन्फोकल मायक्रोस्कोप: यात कमी ताकदीचा लेझर त्वचेवर टाकतात आणि परत येणाऱ्या प्रकाशातून इमेज बनते. न कापता साधारण 0.2 मिलिमीटर खोलीपर्यंतच्या पेशी दिसतात.

ओसीटी: सोनोग्राफीसारखंच, पण आवाजाच्या जागी प्रकाश. 1 ते 2 मिलिमीटर खोल दिसतं, पण बारकावे कॉन्फोकलपेक्षा कमी.

या दोन्हींमुळे सर्जनला कापायच्या आधीच पेनाने कड आखता येते. मात्र अंतिम निर्णय आजही पॅथॉलॉजीच्या रिपोर्टवरच होतो, म्हणजे खानोलकरांच्याच शास्त्रावर.

मग मोबाईलवरच्या अ‍ॅपचं काय?

त्वचेचा फोटो काढा, एआय सांगेल, असे अ‍ॅप तुम्ही पाहिले असतील. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, म्हणून यातली अडचण सांगतो. ज्या फोटोंवर ही मॉडेल शिकतात, त्यात बहुतेक फोटो गोऱ्या त्वचेचे असतात. आणि फोटोत फक्त पिक्सेल असतात. तीस वर्षं एकाच जागी बसलेली गाठ त्यात नसते.

ही जुनी गोष्ट नाही. 2024 मध्ये वर्धा आणि बिहारच्या मधुबनी इथल्या डॉक्टरांनी कमरेच्या भागात असा कॅन्सर झालेल्या दोन वयस्क महिलांची माहिती प्रसिद्ध केली. एकीला परकराच्या घट्ट नाडीमुळे, दुसरीला लुगडं घट्ट नेसल्यामुळे. दुसरीचा आजार गाठींपर्यंत पसरला होता. वर्धा आपल्या विदर्भातलंच. माझ्या वाशिम जिल्ह्यात, रिसोड-मालेगावकडच्या गावांत अजूनही धोतर आणि लुगडं नेसणारी जुनी माणसं आहेत. कमरेचा काळा पट्टा त्यांना नेहमीचाच वाटतो, म्हणून ते तो कुणाला दाखवत नाहीत. कॉन्फोकल मशीनपर्यंत पोहोचायच्या कितीतरी आधी आजार इथेच सुटून जातो.

तुम्ही काय करू शकता?

घरी आजी-आजोबांना एकदा विचारा. गाठ किंवा नाडी थोडी सैल ठेवायला सांगा, नाडी रुंद लावा, बांधायची जागा अधूनमधून बदला. कमरेवर कातडी जाड झाली असेल किंवा काही आठवड्यांत न भरणारी जखम असेल, तर अ‍ॅपवर अवलंबून राहू नका. सरळ डॉक्टरांकडे न्या, आणि ते काय नेसतात, कसं बांधतात हेही डॉक्टरांना नक्की सांगा.

माहिती उपयोगी वाटली तर घरच्या ग्रुपवर नक्की पाठवा!