आचार्य नागार्जुन : ‘माहीत नाही’ यालाही किंमत देणारा विचार

आपल्या विहारांत आणि धम्म परिषदांच्या मंचांवर आचार्य नागार्जुन यांचे नाव आदराने घेतले जाते. रामटेकजवळची नागार्जुन टेकडी विदर्भातल्या बौद्धांना ठाऊक आहे. धम्मदीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनीही तिचा उल्लेख केला होता. पण नागार्जुनांनी नेमके काय लिहिले, असे विचारले तर आपले बरेच तरुण कार्यकर्ते थांबतात. काही जण मोबाईलवर फिरणारा संदेश सांगतात, की त्यांनी शून्याचा शोध लावला. हे खरे नाही. गणितातले शून्य वेगळे आणि नागार्जुनांची शून्यता वेगळी.

त्यांचे खरे काम समजून घेतले, तर आज संगणक शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींना आणि सर्वेक्षणाचे फॉर्म घेऊन गावोगाव फिरणाऱ्या कार्यकर्त्यांना ते फार जवळचे वाटेल.

जन्म कुठला? उत्तरे तीन

नागार्जुन साधारणपणे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात, म्हणजे सातवाहनांच्या काळात, होऊन गेले असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्यांच्या हयातीत लिहिलेले चरित्र उपलब्ध नाही. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला कुमारजीव या भाषांतरकाराच्या नावाने चिनी भाषेत आलेले चरित्र त्यांना दक्षिण भारतातल्या ब्राह्मण कुटुंबात जन्मलेले सांगते. सातव्या शतकात भारतात आलेले चिनी भिक्खू ह्युएन त्संग त्यांचा संबंध दक्षिण कोसलाशी, म्हणजे आजचे छत्तीसगड आणि लगतच्या भागाशी जोडतात. चौदाव्या शतकातले तिबेटी इतिहासकार बुस्तोन मात्र स्पष्टपणे विदर्भाचे नाव घेतात.

तिबेटी कथेनुसार हे मूल अल्पायुषी ठरेल असे भविष्य सांगितले गेले. मुलाचा मृत्यू डोळ्यांनी पाहवणार नाही म्हणून आईवडिलांनी त्याला घराबाहेर पाठवले आणि फिरत फिरत तो नालंदेला पोहोचला. नालंदा महाविहाराचे भक्कम पुरावे पाचव्या शतकापासूनचे आहेत, त्यामुळे कथेचा हा भाग इतिहास म्हणून घेता येत नाही. विदर्भाचा उल्लेख मात्र त्याच कारणाने खोटा ठरत नाही. दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या तपासाव्या लागतात.

राजवाड्यातून संघाकडे

चिनी चरित्रातली तारुण्याची कथा वेगळी आहे. वेदविद्या लहानपणीच पाठ झालेला हा हुशार तरुण तीन मित्रांसह अदृश्य होण्याची विद्या शिकतो आणि चौघे राजवाड्यात शिरून मौजमजा करतात. पहारेकऱ्यांच्या तलवारींनी तिघे मित्र मारले जातात. नागार्जुन राजाच्या अगदी जवळ उभे राहिल्यामुळे वाचतात. तृष्णा हेच दुःखाचे मूळ आहे, हे त्यांना त्या क्षणी कळते आणि ते भिक्खू होतात. पुढे नव्वद दिवसांत ते त्रिपिटक वाचून काढतात आणि नागलोकातून महायानाची सूत्रे मिळवतात.

अदृश्य होण्याची विद्या आणि नागलोक हे सारे आपण कथा म्हणूनच वाचायचे. पण चरित्रकाराला सांगायचे होते ते समजते. हा माणूस बुद्धीने अफाट होता, आधी त्या बुद्धीचा गैरवापर करत होता आणि दुःखाचे दर्शन झाल्यावर बदलला.

पुढच्या शतकांत नागार्जुन नावाचे रसायनशास्त्रज्ञ आणि तांत्रिक आचार्यही झाले. परंपरेने या सगळ्यांना एकाच व्यक्तीच्या खात्यात टाकले, म्हणून त्यांचे आयुष्य काही कथांमध्ये शेकडो वर्षांचे झाले. एकाच नावाच्या दोन माणसांची नोंद एक झाली की काय गोंधळ होतो, हे रेशनकार्डाच्या रांगेत उभे राहिलेल्यांना सांगायला नको.

ग्रंथ आणि चार कोट्या

कथा बाजूला ठेवल्या तरी त्यांचे ग्रंथ उरतात. सर्वांत महत्त्वाचा ग्रंथ मूलमध्यमककारिका. त्यात २७ प्रकरणे आणि सुमारे साडेचारशे श्लोक आहेत. दुसरा विग्रहव्यावर्तनी. त्यात ७० श्लोकांत आणि त्यांवरच्या टीकेत ते विरोधकांच्या आक्षेपांना उत्तरे देतात. हा संस्कृत ग्रंथ भारतातून नाहीसा झाला होता. १९३० च्या दशकात राहुल सांकृत्यायन यांना तिबेटमधल्या विहारात त्याचे हस्तलिखित सापडले आणि १९३७ मध्ये ते छापले गेले.

नागार्जुनांचा मुख्य सिद्धांत थोडक्यात असा. कोणतीही गोष्ट स्वतःच्या बळावर, स्वतःच्या कायम स्वभावाने उभी नाही. ती कारणांवर आणि इतर गोष्टींवर अवलंबून आहे. तथागतांचा प्रतीत्यसमुत्पाद तोच, आणि त्यालाच त्यांनी शून्यता म्हटले. शून्यता म्हणजे काहीच नाही असे नव्हे. कोणत्याही वस्तूत जन्मजात, न बदलणारे सत्त्व नाही, एवढाच तिचा अर्थ. जन्माने उच्च आणि जन्माने नीच ही कल्पना या तर्कापुढे टिकत नाही, हे आपल्याला वेगळे समजावण्याची गरज नाही.

हा सिद्धांत मांडताना ते चतुष्कोटी वापरतात. एखाद्या विधानाबाबत चार पर्याय संभवतात : आहे, नाही, आहे आणि नाहीही, आहे असेही नाही आणि नाही असेही नाही. ही चौकट नागार्जुनांच्याही आधीची आहे. मृत्यूनंतर तथागत असतात का, हा प्रश्न याच चार रूपांत बुद्धांना विचारला गेला आणि त्यांनी तो अव्याकृत ठेवला. प्रश्नच चुकीच्या गृहीतावर उभा असेल, तर चारही उत्तरे नाकारावी लागतात. नागार्जुनांनी हेच तंत्र पुढे नेले.

याला टाळाटाळ म्हणू नये. बुद्धांच्या काळात संजय बेलट्ठिपुत्त नावाचा आचार्य प्रत्येक प्रश्नाला निसटती उत्तरे देत असे. सारिपुत्त आणि मोग्गल्लान त्याला सोडूनच बुद्धांकडे आले. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबही सांगतात, की बुद्धांना ज्या गोष्टींची खात्री होती त्या त्यांनी ठामपणे मांडल्या आणि खात्री नव्हती तिथे आपले मत तात्पुरते म्हणून ठेवले. खात्री कुठे आहे आणि कुठे नाही, हे वेगळे करून सांगणे ही बुद्धांपासून चालत आलेली शिस्त आहे.

राजाला पत्र

नागार्जुन केवळ तर्कात रमले नाहीत. रत्नावली हा त्यांचा ग्रंथ राजाला दिलेला उपदेश आहे. हा राजा सातवाहन होता असे परंपरा सांगते, आणि काही अभ्यासक यज्ञश्री सातकर्णीचे नाव घेतात. याच राजाची नाणी आपल्या शेजारच्या वाशीम जिल्ह्यात, मंगरूळपीरकडच्या तऱ्हाळा येथे १९३९ मध्ये सापडलेल्या ठेव्यात मिळाली.

या उपदेशात नागार्जुन राजाला सांगतात, की आजारी, अनाथ आणि गरिबांची काळजी घे, वाटसरूंसाठी पाण्याची सोय कर, कैद्यांना माणसासारखे वागव आणि त्यांना फार काळ कोंडून ठेवू नकोस. संकटात सापडलेल्या शेतकऱ्याला बियाणे आणि अन्न दे, त्याच्यावरच्या कराचा बोजा कमी कर, असेही सांगतात. आपल्या जिल्ह्यात बसून हा भाग वाचताना अठराशे वर्षांचे अंतर उरत नाही.

त्यांच्या शिष्यांत आर्यदेव प्रमुख. आर्यदेव भेटायला आले तेव्हा नागार्जुनांनी पाण्याने काठोकाठ भरलेले भांडे पुढे पाठवले आणि आर्यदेवांनी त्यात एक सुई सोडली, ही कथा ह्युएन त्संग सांगतात. विद्या कितीही भरलेली असली तरी तळापर्यंत जाता येते, असा त्याचा अर्थ. मृत्यूबाबतही कथा एकच नाही. चिनी चरित्रात ते खोलीचे दार बंद करून देह ठेवतात. ह्युएन त्संगांच्या वृत्तांतात राजपुत्र त्यांचे मस्तक मागतो आणि दानपारमितेला जागून ते प्राण देतात.

संगणकाला ‘माहीत नाही’ कसे सांगायचे?

आता आपल्या काळात येऊ. संगणकाचे साधे तर्कशास्त्र दोन किमतींचे असते, खरे किंवा खोटे. पण माहिती गोळा करताना तिसरी अवस्था सतत समोर येते, ती म्हणजे माहीत नाही. १९२० मध्ये पोलंडचे यान वुकासिएविच यांनी तीन किमतींचे तर्कशास्त्र मांडले. आयबीएम कंपनीतले एडगर कॉड यांनी १९७० मध्ये तक्त्यांच्या रूपात माहिती साठवण्याची पद्धत दिली आणि पुढे रिकाम्या नोंदीसाठी तीन किमतींचा तर्क जोडला. आज एसक्यूएल या भाषेत अशा नोंदीला ‘नल’ म्हणतात.

नियम सोपे आहेत. दोन अटींपैकी एक तरी पूर्ण हवी असेल आणि एक नक्की खरी असेल, तर दुसरी माहीत नसली तरी उत्तर खरे. दोन्ही अटी हव्या असतील आणि एक नक्की खोटी असेल, तर उत्तर खोटे. एक खरी आणि दुसरी माहीत नसेल, तर उत्तर माहीत नाही. सर्वांत महत्त्वाचा नियम शेवटचा : माहीत नाही याचे उलट केले तरी ते माहीत नाही असेच राहते.

याचा परिणाम पाहा. समजा गावाच्या यादीत सातबारा नावावर आहे का, असा रकाना आहे आणि एका विधवा ताईंचा रकाना रिकामा राहिला. ज्यांचे उत्तर ‘हो’ आहे त्यांची यादी काढली, तर त्या येत नाहीत. ज्यांचे उत्तर ‘हो’ नाही त्यांची यादी मागितली, तरी संगणक त्यांना वगळतो, कारण तो फक्त नक्की खऱ्या ठरलेल्या ओळी दाखवतो. दोन्ही याद्या जोडून गाव पूर्ण झाले असे आपण समजतो आणि ताई दोन्हींतून गायब असतात. रिकाम्या नोंदींची तिसरी यादी मुद्दाम मागावी लागते. काही प्रोग्रॅममध्ये तर रिकामा रकाना थेट ‘नाही’ म्हणून धरला जातो. ते आणखी वाईट.

१९७७ मध्ये अमेरिकेचे नुएल बेलनॅप एक पाऊल पुढे गेले. संगणकाला माहिती अनेकांकडून मिळते. एक नोंद हो म्हणते, दुसरी नाही. साध्या तर्कात असा विरोध आला की त्यातून काहीही सिद्ध करता येते. म्हणून त्यांनी चार किमती सुचवल्या : खरे सांगितले गेले, खोटे सांगितले गेले, दोन्ही सांगितले गेले, काहीच सांगितले गेले नाही. चतुष्कोटीशी असलेले हे साम्य ग्रॅहम प्रीस्ट आणि जे गारफिल्ड यांसारख्या तत्त्वज्ञांनी मांडले आहे. तरी नागार्जुनांनी संगणक शोधला असा संदेश कृपया फिरवू नका. बेलनॅप चार किमती वापरतात, तर नागार्जुन बऱ्याचदा चारही नाकारतात. नाते विचाराच्या धाडसाचे आहे.

यवतमाळमधला तिसरा रकाना

आपल्या जिल्ह्याला तिसरी किंमत नवी नाही. शेतकरी आत्महत्येचे प्रकरण मदतीसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे जाते, तेव्हा यादीत पात्र, अपात्र आणि चौकशीसाठी प्रलंबित असे भाग असतात. नापिकी, कर्ज आणि वसुलीचा तगादा यांची कागदपत्रे पाहिली जातात. प्रलंबित म्हणजे कागद अजून पोहोचलेला नाही. त्याला अपात्र समजून घरी बसणारी कुटुंबे आहेत. तिथे कार्यकर्त्याचे काम सुरू होते. कोणता कागद कमी आहे, तो कुठे मिळेल आणि किती दिवस झाले, हे त्याने विचारायचे.

‘दोन्ही’ या कोटीचा अनुभव तर आपल्या समाजाने घेतला आहे. १९५६ नंतर केंद्राच्या नियमांत बौद्ध म्हटले की अनुसूचित जाती नाही, असा एकच पर्याय होता. प्रत्यक्षात माणूस धम्माने बौद्ध होता आणि जातीचे चटकेही सोसत होता. १९९० च्या कायदा दुरुस्तीने हे दोन्ही एकाच वेळी मान्य झाले. चौकट चुकली की माणसाला खोटे ठरवले जाते, हे आपण ३४ वर्षे पाहिले.

हीच शिस्त इतिहासालाही लावू या. मनसरला भदन्त आर्य नागार्जुन सुरेई ससाई यांच्या पुढाकाराने १९९८ पासून उत्खनन झाले आणि हे स्थळ नागार्जुनांशी जोडले गेले. तिथे प्रवरेश्वराच्या नावाच्या मुद्राही मिळाल्या, आणि हान्स बाक्कर यांच्यासारखे अभ्यासक हे वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचे शैव मंदिर आणि राजधानी मानतात. आज प्रामाणिक नोंद अशी होईल : दोन्ही सांगितले गेले आहे. यात कमीपणा नाही. पुरावा मागणारा समाज म्हणून आपली ओळख आहे आणि ती आपल्या आवडत्या दाव्यालाही लागू होते.

समाजशास्त्राच्या सर्वेक्षणात ‘माहीत नाही’ आणि ‘उत्तर दिले नाही’ यांना ‘नाही’पासून वेगळे अंक देतात. पुढचा फॉर्म तयार करताना, ॲप बनवताना किंवा वस्तीची यादी करताना तुम्हीही तेवढे करा. तिसरा रकाना ठेवा, माहिती कोणी दिली ते लिहा, आणि रिकाम्या नोंदींची यादी घेऊन पुन्हा त्या घरांपर्यंत जा. आचार्य नागार्जुनांना याहून चांगले अभिवादन काय असणार!

जय भीम! नमो बुद्धाय!