भाऊसाहेबांचे कागद

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात कादंबरीकार वि. स. खांडेकर यांचे स्मृतिसंग्रहालय आहे. त्यांची हस्तलिखिते, पत्रव्यवहार, छायाचित्रे आणि त्यांना लाभलेले मानसन्मान तेथे जतन करून ठेवलेले आहेत. छापील पुस्तकात लेखकाची खाडाखोड दिसत नाही. एखादे वाक्य त्याने किती वेळा लिहिले, कोठे त्याची लेखणी अडली, हे सारे छापखान्याच्या वाटेवर गळून पडते. हस्तलिखितात मात्र लेखक आपले काम करीत असतानाच आपल्याला भेटतो. आणि भाऊसाहेबांच्या बाबतीत तर हे काम अधू डोळ्यांनी, दिव्याच्या उजेडात, वर्षानुवर्षे चाललेले होते.

भाऊसाहेबांचा जन्म १८९८ साली सांगली येथे झाला. त्यांचे मूळ नाव गणेश आत्माराम खांडेकर. बुद्धी तीव्र, वाचनाचा नाद विलक्षण. १९१३ मध्ये ते मॅट्रिकची परीक्षा उत्तम रीतीने उत्तीर्ण झाले आणि पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. तेथे राम गणेश गडकरी यांच्यासारख्या प्रतिभावंताचा सहवास त्यांना घडला. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांना तर ते आपले साहित्यगुरूच मानीत. परंतु वडिलांचे छत्र हरपले होते आणि घरची स्थिती ओढगस्तीची होती. पुढे सावंतवाडीकडील चुलत्यांनी त्यांना दत्तक घेतले आणि गणेश आत्माराम यांचे विष्णु सखाराम झाले. नाव बदलले, घर बदलले. पदवी मात्र हाती आलीच नाही. शिक्षण अर्ध्यावर सोडून त्यांना कोकणात जावे लागले.

१९२० साली ते शिरोडे या गावी शिक्षक झाले. आज हे गाव सिंधुदुर्ग जिल्ह्यात मोडते. एका बाजूस समुद्र, जवळच मिठागरे, भोवती माडांच्या बागा. आणि त्यांच्या आडोशाला दारिद्र्याने गांजलेली माणसे. शाळा लहान होती, पैसा अपुरा होता. पुढे तेथील मुख्याध्यापकपदाचा भारही त्यांच्यावर पडला. पुण्यामुंबईकडे परत जाण्याची इच्छा झाली असती तर त्यात नवल नव्हते. परंतु ते अठरा वर्षे, म्हणजे १९३८ पर्यंत, शिरोड्यासच राहिले. दिवसा मुलांना शिकवावे, वह्या तपासाव्यात, शाळेच्या खर्चाची विवंचना करावी आणि उरलेल्या वेळात लिहावे, असा त्यांचा क्रम असे. ज्याने वह्यांचे गठ्ठे तपासले आहेत, त्यालाच अशा दिवसानंतर पुन्हा लेखणी हाती धरणे किती कठीण असते, ते कळेल.

शिरोड्याने त्यांच्याकडून पुष्कळ घेतले, पण दिलेही तितकेच. त्यांची पहिली कादंबरी ‘हृदयाची हाक’ १९३० साली प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी शिरोड्याच्या मिठागरांवर मिठाचा सत्याग्रह झाला. कायदा मोडण्यासाठी निःशस्त्र माणसे पुढे येत आहेत, हे दृश्य या शिक्षकाच्या अगदी दाराशी घडले. ‘कांचनमृग’, ‘उल्का’, ‘दोन ध्रुव’ या त्यांच्या पुढील कादंबऱ्यांतून ध्येयासाठी झुरणारी आणि अन्यायाने व्याकूळ होणारी माणसे वारंवार भेटतात. त्यांची भाषा अलंकारांनी लवलेली आहे; आजच्या वाचकाला ती क्वचित जडही वाटेल. परंतु त्या अलंकारांखालची कळकळ खोटी नाही, कारण ती माणसे त्यांनी शिरोड्याच्या वाटांवर पाहिलेली होती.

१९३८ साली ते कोल्हापुरास आले. मास्टर विनायक यांच्या ‘छाया’ या बोलपटाची कथा त्यांनी याआधीच लिहिली होती. पुढे आणखी काही बोलपटांसाठी त्यांनी लेखन केले. १९४१ मध्ये मराठी साहित्य संमेलन सोलापूर येथे भरले आणि त्याच्या अध्यक्षपदाचा मान भाऊसाहेबांना मिळाला. सोलापूर त्या काळी कापडगिरण्यांचे आणि कामगारांचे गाव होते. १९३० सालचा लष्करी कायदा आणि त्यानंतर १२ जानेवारी १९३१ रोजी फासावर गेलेले चार हुतात्मे यांची आठवण तेथे ताजी होती. दीनदुबळ्यांची बाजू घेणाऱ्या कादंबरीकाराला ऐकण्यास याहून योग्य नगर कोणते असणार? सोलापूरचा आणि शिवाजी विद्यापीठाचाही जुना संबंध आहे. विद्यापीठाची स्थापना १९६२ साली झाली. २००४ मध्ये सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ मिळेपर्यंत येथील महाविद्यालये कोल्हापूरशीच जोडलेली होती.

‘क्रौंचवध’ १९४२ साली आली आणि त्यानंतर ‘अश्रू’ येईपर्यंत, म्हणजे १९५४ पर्यंत, मोठा खंड पडला. १९५९ मध्ये ‘ययाति’ प्रसिद्ध झाली. महाभारतातील ययाति राजा अकाली वृद्ध होतो आणि सुखाच्या लोभाने आपल्या मुलाचे तारुण्य मागून घेतो. ही प्राचीन कथा भाऊसाहेबांनी आपल्या काळातील माणसांसाठी नव्याने सांगितली. १९६० साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कारही त्यांना लाभला. हा मान मिळविणारे ते पहिले मराठी साहित्यिक होत.

त्यांचा वाचकवर्ग महाराष्ट्राबाहेरही मोठा होता. का. श्री. श्री. यांनी त्यांच्या कादंबऱ्या तमिळमध्ये आणि गोपाळराव विद्वांस यांनी गुजरातीत नेल्या. त्या प्रांतांतही खांडेकरांच्या कादंबऱ्या घरोघर आवडीने वाचल्या जात. त्या काळी दूरच्या माणसाशी बोलायचे म्हणजे पत्र लिहायचे. म्हणूनच लेखकाची पत्रे जपून ठेवायची असतात. त्यांवरून कोणता माणूस कोणाशी कसा जोडला गेला होता, ते उमगते. असे कागद घरात राहिले की वाळवी लागते, दमट हवेने शाई पसरते आणि कोणी तरी एके दिवशी ते रद्दीत घालतो. कित्येक मराठी लेखकांच्या कागदांची हीच गत झाली आहे.

भाऊसाहेबांची दृष्टी मुळातच अधू होती. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत ती पूर्णपणे गेली. ज्याचा सारा जन्म वाचण्यालिहिण्यात गेला, त्याच्यावर याहून कठोर आघात कोणता? तरीही लेखन थांबले नाही. ते तोंडाने सांगत आणि लेखनिक उतरून घेत. त्या काळातील मजकूर भाऊसाहेबांचा आहे, पण अक्षर दुसऱ्याचे आहे. लिहिलेले पान पुन्हा नजरेखालून घालण्याची सोय त्यांना उरली नव्हती. वाक्य मनातच घडवावे, मनातच खोडावे आणि मग उच्चारावे लागे. २ सप्टेंबर १९७६ रोजी त्यांचे निधन झाले. अशा रीतीने सांगून लिहविलेली ‘एका पानाची कहाणी’ ही त्यांची आत्मकथा त्यांच्यामागे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली.